लेण्यातील काळोख आणि दरीतील ऊन

आपल्या संस्थेने बुद्धपौर्णिमेनिमित्त भरविलेल्या छायाचित्र प्रदर्शनात भाजे लेण्यांचे एक मोठे रंगीत छायाचित्र लावले होते. चैत्यगृहाच्या आत, स्तूपाजवळ उभे राहून बाहेरच्या दिशेने घेतलेले ते दृश्य. दोन्ही बाजूंना अष्टकोनी स्तंभांची रांग, मध्ये पिंपळपानाकृती कमान, कमानीतून दिसणारे इंद्रायणीचे खोरे, आणि त्यावर केशरी आकाशात अर्धवट वर आलेला सूर्य. खाली आम्हीच ओळ लिहिली होती : ‘भाजे लेणी – सूर्योदय’. छायाचित्र सर्वांना आवडले. काहींनी त्याची प्रतही मागितली. दुपारी मात्र नववीत शिकणारी एक मुलगी बराच वेळ त्यापुढे उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, “काका, भाज्याचं लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे असं सहलीत तुम्हीच सांगितलं होतं ना? मग समोर सूर्य उगवला कसा?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. छायाचित्र काढणारा आमचाच तरुण कार्यकर्ता. त्याने काहीही न लपविता सांगितले की मूळ छायाचित्र सकाळी दहाच्या सुमाराचे होते, त्यात बाहेरचे आकाश पांढरेफटक आले होते, म्हणून संगणकाने देऊ केलेले तयार आकाश त्याने तेथे बसविले. फसविण्याचा हेतू त्याचा नव्हता आणि आमचाही नव्हता. परंतु ते छायाचित्र आम्ही त्याच दिवशी उतरविले. ज्या धम्माचे वर्णन आपण वंदनेत ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’, असे करतो, त्या धम्माच्या लेण्याचे असे चित्र भिंतीवर ठेवणे आम्हाला योग्य वाटले नाही. जो प्रत्यक्ष येऊन पाहील त्याला ते दिसणारच नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला, पुन्हा भाज्याला गेलो आणि तेच दृश्य वेगळ्या रीतीने टिपले. या रीतीत एकाच जागेवरून, एकाच वेळी, कमीअधिक प्रकाश घेतलेली अनेक छायाचित्रे काढून नंतर ती संगणकावर एकत्र केली जातात. आपल्या तरुणांच्या हाती आता कॅमेरे व मोबाईल आले आहेत, आणि सहलीत लेण्यांची छायाचित्रे सर्वच जण काढतात. म्हणून ही रीत येथे सविस्तर सांगत आहोत.

प्रथम अडचण काय आहे ते पाहू. आपण चैत्यगृहात उभे राहतो तेव्हा आतला स्तूपही दिसतो आणि बाहेरची भातखाचरेही दिसतात. वास्तविक डोळा दोन्ही गोष्टी एकाच क्षणी पाहत नाही. नजर बाहेर गेली की बाहुली आकुंचन पावते, आत वळली की विस्तारते. डोळ्याचा पडदाही प्रकाशाशी जुळवून घेतो आणि मेंदू या साऱ्याचे एक सलग दृश्य बनवितो. कॅमेऱ्याला ही सवड नाही. त्याला एका क्षणासाठी एकच माप ठरवावे लागते. बाहेरचे माप धरले तर आत काळोख, आतले धरले तर बाहेर नुसता पांढरा डाग.

हे माप छायाचित्रकार ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. आम्ही दुसऱ्यांदा गेलो त्या सकाळी दरीसाठी शटर सेकंदाचा १/२५० भाग उघडावे लागत होते, तर आतल्या स्तंभांसाठी १/४ सेकंद. १/२५० वरून १/१२५, १/६०, १/३०, १/१५, १/८ आणि १/४ असे मोजत गेल्यास सहा स्टॉप भरतात. दोन, सहा वेळा दुपटीने, म्हणजे चौसष्ट पट. आणि हा झाला केवळ सरासरी प्रकाशातला फरक. आकाशातला सर्वांत उजळ ढग आणि स्तूपामागची सर्वांत काळी भिंत यांतले अंतर याहून कितीतरी मोठे असते.

रंगीत स्लाइडच्या फिल्ममध्ये जेमतेम पाचसहा स्टॉप मावत. आजच्या चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यात बारा ते चौदा मावतात, पण त्यातील शेवटचे दोनतीन सावलीकडचे असतात आणि ते उजळवू गेल्यास रवाळ ठिपके उठतात. कागदाची मर्यादा तर त्याहून अधिक. ही स्मरणिका ज्या कागदावर छापली जाते त्यावर काळ्याभोर शाईपासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत फार थोड्या पायऱ्या मिळतात. आर्ट पेपरवर थोड्या जास्त. म्हणजे प्रश्न दुहेरी आहे : विस्तृत प्रकाश टिपायचा आणि मग तो अरुंद जागेत बसवायचा.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेवर ओल्या कोलोडियनचा लेप देऊन छायाचित्रे घेत. त्या लेपाला निळा प्रकाश फार लवकर लागे, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या पुस्तकात १८६४ साली प्रसिद्ध झाली, ती याच काळातली. त्या काळच्या इमारतींच्या व डोंगरांच्या छायाचित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे दिसते, त्याचे कारण हेच. त्या दिवशी ढग नव्हते असा त्याचा अर्थ नव्हे.

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी दृश्ये घेतली, त्यांतील काहींत त्याने यावर उपाय योजला. समुद्रासाठी एक काच, आकाशासाठी दुसरी काच, आणि कागदावर छापताना दोन्हींचा सांधा क्षितिजाच्या रेषेवर. क्षितिज सरळ असल्याने सांधा लपून जाई. लोक चकित झाले. परंतु याच ल ग्रेने एकच आकाश एकाहून अधिक समुद्रांवर छापले आहे! म्हणजे आमच्या प्रदर्शनात जो प्रकार झाला तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीचाच. दोन काचा जोडणे आणि परके आकाश आणणे या दोन गोष्टी तेव्हापासून एकमेकींच्या हातात हात घालून चालत आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखणे हाच आमच्या मते या विद्येचा गाभा आहे.

पुढे अंधाऱ्या खोलीत छपाई करताना हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने कागदाच्या एखाद्या भागावर प्रकाश कमी-जास्त पाडण्याची रीत रूढ झाली. ज्यांनी जुन्या स्टुडिओत काम केले आहे त्यांना ती ठाऊक असेल. भिंगापुढे वरून काळी व खालून स्वच्छ अशी काच लावूनही आकाश दाबता येते. मात्र त्या काचेची सीमा सरळ असते. सपाट माळरानावर ती कामाला येते, भाज्याच्या गोलाकार कमानीपुढे निरुपयोगी.

संगणकाने सांधा कोणत्याही आकाराचा करता येऊ लागला. फोटोशॉपमध्ये १९९४ साली ‘लेयर’ आले, म्हणजे एका चित्रावर दुसरे चित्र पारदर्शक थरासारखे ठेवण्याची सोय. गणिताच्या बाजूनेही काम झाले. १९९५ मध्ये स्टीव्ह मॅन व रोझलिंड पिकार्ड यांनी आणि १९९७ मध्ये पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनी, कमीअधिक प्रकाशाच्या अनेक छायाचित्रांवरून प्रत्यक्ष जागेवरचा प्रकाश कसा काढता येतो ते दाखविले. यातील प्रा. मलिक हे आपल्या मथुरेत जन्मलेले, कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकून अमेरिकेत बर्कलेला प्राध्यापक झालेले. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ व व्हान रीथ यांनी आणखी सोपी वाट काढली. संगणक प्रत्येक छायाचित्रातला प्रत्येक ठिपका तपासतो : तो फार काळा किंवा फार पांढरा नाही ना, तेथे रंग भरलेला आहे ना, बारकावा दिसतो ना. ज्या छायाचित्रात तो ठिपका चांगला, त्याला जास्त वजन, आणि वजनानुसार सर्वांची बेरीज. २०१० पासून मोबाईलमध्येही असे मिश्रण आपोआप होऊ लागले. आज मोबाईलचे बटण एकदा दाबले तरी आत अनेक चित्रे घेतली जातात व जुळवून एक दाखविले जाते. म्हणजे ज्यांना ही रीत अजिबात ठाऊक नाही तेही ती रोज वापरीत आहेत.

आता प्रत्यक्ष काम. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील लेण्यांत ट्रायपॉड लावायचा असेल तर आगाऊ परवानगी लागते, ती काढावी. परवानगी नसेल तर कॅमेरा पिशवीवर टेकवून जमिनीलगत ठेवता येतो. स्तूपावर किंवा स्तंभाच्या आधाराने तो कधीही ठेवू नये. आम्ही सकाळची वेळ निवडली. भाजे लेणी विसापूरच्या डोंगरात पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, समोरची दरी सारखी उजळलेली असते आणि लेण्यात केवळ बाहेरून परावर्तित झालेला मऊ उजेड येतो. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि भिंगात चकाकी शिरते.

सर्व छायाचित्रांत बदलायची ती गोष्ट एकच, शटरचा वेळ. भिंगाचे छिद्र बदलले तर जवळचे-लांबचे किती स्पष्ट दिसते तेच बदलते आणि चित्रे जुळत नाहीत. आम्ही छिद्र एफ ८ वर कायम ठेवले. फोकस हाताने लावून तो तसाच ठेवला. रंगाचे मापही स्वयंचलित ठेवू नये, नाहीतर एका चित्रात दगड निळसर आणि दुसऱ्यात पिवळट येतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपात नोंद करण्याची सोय असेल तर तीच वापरावी. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा, कारण बोटाच्या धक्क्यानेही १/४ सेकंदाचे चित्र हलते. मग १/२५०, १/३० आणि १/४ अशी तीन चित्रे.

तीनच का, दोन का नाहीत, असे आमच्या मंडळींनी विचारले. आम्हीही आधी दोनच घेतली होती आणि तेथेच फसलो. १/४ सेकंदाच्या चित्रात बाहेरचा प्रखर प्रकाश कमानीच्या कडेवरून आत सांडतो. तो दगडाची कड धुऊन टाकतो आणि कमानीभोवती दुधासारखे वलय दिसते. १/२५० च्या चित्रात ती कड काळी ठिक्कर असते. कडेचा दगड खऱ्या रूपात दिसतो तो मधल्या, १/३० च्या चित्रात. तेव्हा आतले अंग तिसऱ्या चित्रातून, कमानीची कड दुसऱ्यातून, दरी व आकाश पहिल्यातून, अशी वाटणी झाली.

संगणकावर ही तिन्ही एकावर एक ठेवायची आणि प्रथम तंतोतंत जुळवून घ्यायची. नंतर प्रत्येक थराला ‘मास्क’ जोडायचा. मास्क म्हणजे झाकणी. तिच्यावर पांढरा रंग दिला तेथे तो थर दिसतो, काळा दिला तेथे लपतो, करडा दिला तेथे अर्धवट दिसतो. हा रंग मऊ कुंचल्याने हातानेही देता येतो. पण झाडाच्या फांद्यांमधून आकाश दिसते अशा ठिकाणी हात पुरा पडत नाही. तेथे छायाचित्राच्या स्वतःच्या उजेडावरूनच मास्क बनवितात : जे उजळ ते आपोआप पांढरे, जे गडद ते काळे, आणि मधल्या छटांना मधले करडे. त्यामुळे पानापानांतून आकाश बिनबोभाट बसते. याला ‘ल्युमिनॉसिटी मास्क’ म्हणतात. फोटोशॉप विकत घेणे विद्यार्थ्यांना परवडत नाही. ‘गिम्प’ हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरतो, आमचे चित्र त्यावरच झाले आहे.

हलत्या गोष्टी त्रास देतात. पावसाळ्यात भाज्याला गेलात तर लेण्यांजवळ धबधबा कोसळत असतो, गवत डुलत असते, ढग पळत असतात, आणि माणसे तर असतातच. तिन्ही चित्रांत ती निरनिराळ्या जागी असल्याने मिश्रणात भुतासारख्या पुसट आकृती उरतात. यावर उपाय साधा आहे : पाणी, फांदी किंवा माणूस एकाच चित्रातून घ्यावा, बाकीच्या चित्रांत तो भाग झाकून टाकावा. त्यात थोडा उजेड कमी पडला तरी चालतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. संगणकाला मोकळे सोडले तर तो आत आणि बाहेर सारखाच उजेड करून ठेवतो. आमचा पहिला प्रयत्न असाच झाला होता. स्तूप, स्तंभ, तुळया, दरी, आकाश सगळे स्वच्छ, जणू लेण्यात ट्यूबलाइट लावली आहे. एक ज्येष्ठ उपासिका ते पाहून म्हणाल्या, “हे लेणं नाही वाटत बाई, हॉल वाटतो!” त्यांचे बरोबर होते. लेण्यात शिरताना जो थंड काळोख अंगावर येतो, डोळे हळूहळू सरावतात आणि मग स्तूप दिसू लागतो, तो काळोखही त्या जागेचा भाग आहे. भिक्खूंनी ध्यानासाठी ही जागा वापरली ती भर उन्हात नव्हे. आम्ही तिसऱ्या थराचा जोर निम्म्याहून कमी केला, तेव्हा आतले अंग बाहेरच्यापेक्षा सुमारे दोन स्टॉप गडद राहिले. स्तंभांच्या मागच्या बाजू जवळजवळ काळ्याच ठेवल्या. डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली की मिश्रण जास्त झाले असे समजावे. ही खूण कोणालाही ओळखता येते.

आणखी एक गोष्ट अगदी भाज्यापुरती. संपादनाच्या प्रोग्राममध्ये तिरप्या रेषा आपोआप सरळ करण्याचे बटण असते. इमारतीच्या छायाचित्रात ते उपयोगी पडते. भाज्याच्या चैत्यगृहातील स्तंभ मात्र खरोखरच वरच्या बाजूला आत झुकलेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार बाहेर लोटू नये म्हणून खांब तिरपे रोवीत, तीच पद्धत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरणाऱ्यांनी दगडात जशीच्या तशी उतरविली. हे लेणे फार जुने असल्याची ती एक मोठी खूण आहे. ते बटण दाबले की खांब ताठ उभे राहतात आणि दोन हजार वर्षांचा पुरावा एका क्षणात पुसला जातो. आमच्या तरुण कार्यकर्त्याने ते दाबलेही होते. सुदैवाने शेजारी बसलेल्याने विचारले, “खांब सरळ कधी झाले?”

तीच गोष्ट शिलालेखांची. भाज्याच्या स्तूपसमूहातील काही स्तूपांवर थेरांची नावे कोरलेली आहेत. अशा अक्षरांची अनेक एक्स्पोजर एकत्र करून वाचन सोपे होत असेल तर जरूर करावे. पण एखादी पुसट रेघ कुंचल्याने ठळक करू नये. ती रेघ अक्षराची आहे की दगडाच्या चिरेची, हे ठरविणे वाचकाचे काम आहे, छायाचित्रकाराचे नव्हे.

मग परके आकाश सर्वथा वर्ज्य का, असे कोणी विचारील. दिवाणखान्यात लावायचे चित्र असेल तर ज्याची त्याची मर्जी. २०२० पासून फोटोशॉपमध्येही आकाश बदलण्याची तयार सोय आहे आणि ती गुन्हा नाही. परंतु ज्या चित्राखाली आपण जागेचे नाव लिहितो, जे विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून दाखवितो, त्यात आम्ही एकच कसोटी लावायचे ठरविले आहे : चित्रात जे आहे ते सारे त्या जागी, त्या वेळी, कॅमेऱ्यासमोर होते काय? तीन एक्स्पोजरचे मिश्रण या कसोटीला उतरते, कारण तिन्हींतला प्रत्येक किरण त्याच सकाळी त्याच कमानीतून आला. केशरी सूर्य उतरत नाही. कसोटीला न उतरणारे पण देखणे असे चित्र हाती आले तर मोह होतो, हे आम्ही कबूल करतो. पहिल्या छायाचित्राची प्रत मागणारे अजूनही भेटतात.

एक सावधगिरीची सूचनाही द्यावीशी वाटते. प्रत्येक दृश्याला हा खटाटोप लागत नाही. उघड्या माळावरचे, ढगाळ दिवसाचे किंवा सूर्य पाठीशी असलेले दृश्य आजच्या कॅमेऱ्यात एकाच चित्रात मावते. ‘रॉ’ फाईलमधून सावल्या थोड्या उजळल्या की झाले. आमच्या अनुभवाने सहलीतील बहुतेक चित्रांना मिश्रणाची गरज पडली नाही. गरज पडते ती गुहेतून बाहेर पाहताना, दाट झाडीतून उजळ कड्याकडे पाहताना किंवा सूर्य समोर असताना. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम पाहावा. त्याचा आलेख डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही भिंतींना एकदमच धडकत असेल तर एक चित्र पुरणार नाही.

नवे छायाचित्र संस्थेच्या वाचनालयात लावले आहे. पूर्वीच्यासारखे भडक नाही, त्यात सूर्यही नाही. बाहेर सकाळचे निळे आकाश, खाली खोरे, आत झुकलेले खांब. खाली लिहिले आहे : ‘भाजे, चैत्यगृहातून पश्चिमेकडे. सकाळ. तीन एक्स्पोजर एकत्र करून.’ तिन्ही मूळ चित्रे कार्यालयातील संगणकात जशीच्या तशी ठेवली आहेत. ज्या विद्यार्थ्यांना त्यांवर सराव करायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन यावे.